बिघाडाची माहिती कपाटात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यात वीज गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीन गोष्टी असतात. किती तास गेली, किती ग्राहकांना फटका बसला आणि जबाबदार कोण. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळायलाच हवीत. पण अतिउच्चदाब यंत्रणेवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना चौथा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. असा बिघाड याआधी जगात कुठे झाला होता का, आणि झाला असेल तर तिथल्या लोकांनी त्यातून काय शोधून काढले? बहुतेक वेळा तो कुठे ना कुठे झालेला असतो, त्यावर काम झालेले असते आणि ते छापूनही आलेले असते. ते आपल्या उपकेंद्रापर्यंत पोहोचत नाही, आणि आपल्या उपकेंद्रात जे कळते ते बाहेर जात नाही. या दुसऱ्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहोत.

या भागाचे उच्चदाबाशी नाते शंभर वर्षांहून जुने आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातली वीज १९१५ मध्ये १०० केव्ही (एक लाख व्होल्ट) दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. राज्यात इतरत्र सहसा १३२ केव्हीची उपकेंद्रे भेटतात. ठाणे-बेलापूर भागात १०० केव्ही आजही चालू आहे. खोपोलीची वीज सुरू झाल्यावर सहा वर्षांनी, १९२१ मध्ये, पॅरिसला सिग्रे ही संस्था स्थापन झाली. मोठ्या विद्युत प्रणालींवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांची ही परिषद.  

सिग्रेचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगायला हवे, कारण बाहेर अनेकांचा समज असा असतो की ही दर दोन वर्षांनी पॅरिसला भरणारी एक परिषद. परिषद भरते, पण खरे काम मधल्या काळात होते. रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), केबल, हवाई वाहिन्या, उपकेंद्रे, एकदिश प्रवाह (डीसी), संरक्षण अशा विषयांच्या १६ अभ्यास समित्या आहेत. एखादा प्रश्न पुढे आला की समिती कार्यगट नेमते. त्यात निरनिराळ्या देशांतल्या वीज कंपन्यांचे, कारखान्यांचे, प्रयोगशाळांचे आणि विद्यापीठांचे लोक असतात. ते मानधन न घेता काम करतात. दोन-तीन वर्षे आपापल्या देशातले अनुभव गोळा करतात, त्यावर भांडतात आणि शेवटी एक तांत्रिक पुस्तिका काढतात. भारताच्या राष्ट्रीय समितीचे काम दिल्लीच्या केंद्रीय सिंचन व ऊर्जा मंडळामार्फत (सीबीआयपी) चालते. दुसरी संस्था आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग. १९०६ मध्ये लंडनला सुरू झाली, आता जिनिव्हाला आहे. ती मानके ठरवते. सिग्रेच्या पुस्तिकेतले पुष्कळसे पुढे आयईसीच्या मानकात येते, तिथून भारतीय मानकात आणि तिथून आपल्या निविदेत.

या प्रवासात एक गोष्ट हरवते. निविदेत पोहोचेपर्यंत कलम तेवढे उरते, त्यामागचे कारण गळून पडते. आणि कारण माहीत नसलेल्या माणसाला घाईच्या वेळी कोणते कलम सोडता येईल आणि कोणते मुळीच नाही, हे ठरवता येत नाही.

भूमिगत केबलचे उदाहरण घेऊ. जुन्या कागदी इन्सुलेशनच्या केबल टाकून झाल्या की डीसी दाबाने तपासत. पुढे एक्सएलपीई (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) इन्सुलेशनच्या केबल आल्या आणि तीच पद्धत चालू राहिली. नंतर देशोदेशींचे अनुभव एकत्र आले तेव्हा लक्षात आले की डीसी चाचणीत जोडातला दोष सापडत नाही, उलट इन्सुलेशनमध्ये अडकून राहिलेला विद्युतभार नंतर एसी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचा) दाब दिल्यावर घातक ठरू शकतो. म्हणून १९९० च्या दशकात सिग्रेने एसी चाचणीची शिफारस केली. आज आयईसी ६२०६७ प्रमाणे २२० केव्ही केबल टाकल्यावर १८० केव्ही एसी दाब एक तास द्यायचा असतो, वारंवारता २० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान. एवढी मोकळीक का? गणित करून पाहा. साधारण ०.२ मायक्रोफॅरड प्रति किलोमीटर धरले तर पाच किलोमीटर केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १ मायक्रोफॅरड होते. १८० केव्हीला ५० हर्ट्झवर ती सुमारे ५७ अँपिअर खेचते, म्हणजे दहा एमव्हीएचे यंत्र रस्त्यावर आणून उभे करावे लागेल. वारंवारता बदलून रिअ‍ॅक्टर आणि केबल यांचा अनुनाद साधला, म्हणजे दोघांची लय जुळवली, की फक्त तोट्यापुरती वीज बाहेरून द्यावी लागते, आणि एका ट्रेलरवर मावेल एवढ्या सामानात काम होते. हे समजलेला अभियंता ‘यंत्र मिळत नाही, डीसी मारून मोकळे होऊ’ असे म्हणणार नाही. त्याच मानकात पर्यायही दिलेला आहे, नेहमीच्या दाबावर २४ तास चार्ज करून ठेवण्याचा. तो कमजोर आहे, पण डीसीपेक्षा बरा. वरच्या आवरणाची डीसी चाचणी, १० केव्ही एक मिनिट, ही मात्र वेगळी आहे आणि ती करायलाच हवी. दोन्हींची गल्लत होते म्हणून लिहिले.

आता जोडाकडे येऊ. ठाणे आणि नवी मुंबईत २२० केव्हीच्या केबल वाढत जाणार, कारण मनोऱ्यांना जागा उरलेली नाही. ड्रमवर एका वेळी साधारण ५०० मीटर केबल येते. म्हणजे पाच किलोमीटरच्या मार्गावर नऊ ठिकाणी जोड, प्रत्येक ठिकाणी तीन फेज, असे २७ जोड. दोन सर्किट असतील तर ५४. केबल कारखान्यात, बंदिस्त आणि स्वच्छ वातावरणात तयार होते. जोड मात्र रस्त्याकडेच्या खड्ड्यात, बाजूने ट्रक जात असताना, हाताने केला जातो. म्हणून सगळी यंत्रणा त्या दोन-तीन जॉइंटरांच्या हातावर उभी असते.

खड्ड्यात काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. तळाला काँक्रीट, वर तंबू, आत वातानुकूलन यंत्र आणि हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर. आर्द्रता सहसा ६०-७० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलेली असते. ठाण्यात जुलैमध्ये बाहेर त्याहून पुष्कळ जास्त असते. केबल ड्रमवर गुंडाळलेली असल्याने तिला बाक असतो. तो काढण्यासाठी टोक सुमारे ७५ ते ८० अंशांना काही तास तापवतात, अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलमध्ये सरळ बांधतात आणि पूर्ण थंड होऊ देतात. ही पायरी उरकून टाकली तर इन्सुलेशन पुढे हळूहळू आकसते आणि जोडाच्या आत पोकळी राहते. मग धातूचे आवरण कापायचे, बाहेरचा काळा, किंचित वीज वाहणारा सेमीकॉन थर सोलायचा आणि जिथे तो संपतो तिथे इन्सुलेशनमध्ये अलगद मिसळेल असा उतार करायचा. जोडातली ही सर्वांत नाजूक जागा. पात्याचा केसाएवढा ओरखडा इथे राहिला तर विद्युतक्षेत्र तिथेच एकवटते.

नंतर घासकाम. १२० नंबरच्या पेपरपासून सुरू करून २४०, ३२०, ४०० आणि शेवटी ६०० पर्यंत. पेपर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचाच हवा. बाजारात सहज मिळणारा काळा सिलिकॉन कार्बाइडचा पेपर चालत नाही, कारण त्याचे कण वीज वाहतात आणि इन्सुलेशनमध्ये रुतून बसतात. सेमीकॉनवर फिरवलेला पेपर पुन्हा इन्सुलेशनवर फिरवायचा नाही. पुसायचे तेही इन्सुलेशनकडून सेमीकॉनकडे, उलटे कधीच नाही; आणि एकदा वापरलेला पुसणीचा कागद टाकून द्यायचा. मग व्यास मोजायचा, वेगवेगळ्या ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, कारण केबल पूर्ण गोल नसते. रबरी जोडसंच त्या व्यासावर घट्ट बसला तरच आतली सीमा दाब सहन करते. संच खुणेवर न बसता काही मिलिमीटर सरकला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. एक तासाची चाचणी तो पास करू शकतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या रात्री फुटतो. यासाठीच चाचणीच्या वेळी प्रत्येक जोडावर आंशिक विसर्जन (इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्या) मोजावे असा आमचा आग्रह आहे. निव्वळ ‘दाब टिकला’ एवढ्यावर काम ताब्यात घेणे पुरेसे नाही.

केबलच्या जोडकामातल्या या खबरदारीवर सिग्रेची ४७६ क्रमांकाची पुस्तिका २०११ पासून उपलब्ध आहे. ती लिहिणाऱ्यांनी एकेका पायरीवर काय चुकू शकते ते मांडले आहे. आपल्याकडे जोड करायला अनेकदा उत्पादकाचा माणूस येतो, काम करतो आणि जातो. कोणत्या जोडाच्या वेळी तंबूतली आर्द्रता किती होती, व्यास किती भरला, मध्ये पाऊस आला का, काम किती तास थांबले, याची नोंद कंत्राटदाराच्या फाइलीत राहते किंवा होतच नाही. तीन वर्षांनी जोड फुटला की चौकशीला हाती काही नसते. फुटलेला जोड कापून, राख झालेला भाग फेकून, नवा बसवला जातो. वीज लवकर सुरू करण्याची घाई आम्ही समजू शकतो. पण त्याच मार्गावर न फुटलेले दुसऱ्या फेजचे जोड तसेच असतात, आणि त्यांच्याबद्दल सांगू शकणारा पुरावा त्या राखेतच गेलेला असतो.

केबलला दुसरा मोठा धोका खोदाईचा. यावरही २००९ ची ३९८ क्रमांकाची स्वतंत्र पुस्तिका आहे, कारण ही तक्रार जगभर सारखीच आहे. मेट्रो, रस्ते, जलवाहिनी, गॅस, फायबर अशी कामे घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंत चालूच आहेत. जेसीबीचा दात थेट केबलमध्ये घुसला तर निदान लगेच कळते. जास्त त्रासदायक असतो तो ओरखडा. वरचे प्लास्टिक आवरण फाटते, केबल चालू राहते, खोदणारा माती टाकून निघून जातो. पुढच्या पावसाळ्यात पाणी आत शिरते, अ‍ॅल्युमिनियमचे आवरण गंजते आणि आवरणाला दोन ठिकाणी जमीन मिळाली की त्यातून फिरता प्रवाह वाहून केबल गरम होते. आडवे ड्रिलिंग करणाऱ्यांना तर वर ठेवलेल्या काँक्रीटच्या लाद्या आणि इशाऱ्याची पट्टी लागतच नाही, ते खालून जातात. उपाय साधे आहेत. खोदाईपूर्वी हाताने चाचणी खड्डा घेऊन केबलची प्रत्यक्ष खोली पाहणे, मार्गाचे नकाशे महापालिका, सिडको आणि एमआयडीसी यांच्या एकाच पटावर असणे, आणि केबलच्या वरच्या आवरणाची चाचणी दरवर्षी पावसाळ्यानंतर करून ओरखडा लहान असतानाच शोधणे. शेवटची गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता खाडी. इथे आपल्याकडे जगाला सांगण्यासारखे खरोखर काही आहे.

खाजणे, मिठागरे आणि ठाणे-बेलापूरचा रासायनिक पट्टा यांवरून जाणाऱ्या वाहिन्यांच्या इन्सुलेटरवर ऑक्टोबर ते मे मीठ आणि धूळ साचत जाते. कोरडे मीठ वीज वाहत नाही. जोरदार पाऊस ते धुऊन टाकतो. धोका असतो तो पहाटेच्या दवाचा, धुक्याचा आणि जूनच्या आधीच्या भुरभुर सरीचा. थर ओला होतो, पृष्ठभागावरून गळती प्रवाह वाहू लागतो, प्रवाहाने काही पट्टे वाळतात, त्या कोरड्या पट्ट्यांवर सगळा दाब येऊन ठिणग्या पडतात आणि एक ठिणगी लांबत जाऊन इन्सुलेटरची पूर्ण माळ (स्ट्रिंग) ओलांडते. म्हणून हिवाळ्यात पहाटे वाहिनी ट्रिप होते (आपोआप बंद पडते), पुन्हा चार्ज होते, आणि नोंदीत ‘तात्पुरता दोष’ एवढेच लिहिले जाते.

याचा हिशोब क्रीपेजवर होतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पृष्ठभागाच्या वळणावळणांवरून मोजलेल्या अंतरावर. २२० केव्ही वाहिनीचा कमाल दाब २४५ केव्ही. साध्या डिस्कचे (माळेतल्या एका तबकडीचे) क्रीपेज २९२ मिलिमीटर धरले तर १४ डिस्कच्या स्ट्रिंगचे ४,०८८ होते, म्हणजे प्रति केव्ही जेमतेम १६.७ मिलिमीटर. तीव्र प्रदूषणासाठी २५ मिलिमीटर लागतात, म्हणजे ६,१२५. अतितीव्र प्रदूषणासाठी ३१, म्हणजे ७,५९५. धुक्यासाठीच्या खोल कडांच्या डिस्क, प्रत्येकी ४३० मिलिमीटरच्या आसपास, १५ लावल्या तर ६,४५० पर्यंत पोहोचता येते. त्यापुढे सिलिकॉन रबरचे लांब इन्सुलेटर घ्यावे लागतात.

सिलिकॉन रबरचा गुण असा की तो पाणी पसरू देत नाही, थेंब सुटे राहतात. आणि वर साचलेल्या घाणीलाही हळूहळू तोच गुण देतो. पण हा गुण कायमचा गृहीत धरून चालत नाही. तो शिल्लक आहे का हे पाहण्याची पद्धत स्वीडनमधून जगभर गेली आणि पुढे आयईसीने घेतली. शटडाऊन असताना साधी फवाऱ्याची बाटली घ्यायची, सुमारे २५ सेंटिमीटरवरून २० ते ३० सेकंद पाणी मारायचे आणि थेंब कसे बसतात ते तक्त्यावरच्या फोटोंशी ताडून पाहायचे. पहिली श्रेणी म्हणजे गोल सुटे थेंब, सातवी म्हणजे सगळीकडे पाण्याचा एकच पापुद्रा. लाइनमनला अर्ध्या दिवसात शिकवता येते. या इन्सुलेटरवर पाय देऊन चढायचे नाही, हेही त्याला तेव्हाच सांगावे, कारण टोकाचे सील फाटले की ओल आत जाऊन काचतंतूंचा गाभा एखाद्या दिवशी काडीसारखा तुटतो आणि तार खाली येते. हा दोष अनेक देशांनी सोसला आणि नोंदवला, म्हणून आज आम्लाला टिकणाऱ्या काचतंतूंचा गाभा मागता येतो.

प्रदूषणाच्या मानकातले वर्ग ठरवताना वाळवंट, समुद्रकिनारा, कारखाने असे वेगवेगळे नमुने धरलेले आहेत. आपल्या खाडीकाठी मीठ, रसायन आणि बांधकामाचे सिमेंट एकाच थरात असते. वर चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे. हे मिश्रण मोजून, ट्रिपच्या वेळा आणि त्या पहाटेची आर्द्रता शेजारी ठेवून चार-पाच वर्षांची नोंद आपण दिली, तर ती कोणत्याही कार्यगटाला हवीच असेल. मुंबई महानगराला वीज देणाऱ्या वाहिन्या याच पट्ट्यातून जातात.

नोंद एकत्र आल्याने काय साधते याचे सर्वांत चांगले उदाहरण रोहित्रांचे. एखाद्या मंडळात ५० मोठी रोहित्रे असतील आणि वर्षाला शंभरात एखादे गंभीर बिघडत असेल, तर दोन वर्षांत एक बिघाड दिसतो. त्यावरून कारणांचा काहीच अंदाज बांधता येत नाही. जो दिसला तोच दोष मोठा वाटतो. सिग्रेच्या २०१५ च्या ६४२ क्रमांकाच्या पुस्तिकेत २१ देशांतल्या कंपन्यांनी मिळून १,६७,४५९ रोहित्र-वर्षांची (एक रोहित्र एक वर्ष चालले की एक रोहित्र-वर्ष) आणि ९६४ गंभीर बिघाडांची माहिती मांडली. त्यातून दिसले की वाइंडिंगचा (तारांच्या वेटोळ्यांचा) वाटा सर्वांत मोठा, त्यामागे टॅप चेंजर (दाब कमीजास्त करणारा भाग) आणि बुशिंग (वाहक टाकीतून बाहेर आणणारा इन्सुलेटर). आणि आग, स्फोट असे परिणाम बुशिंग फुटल्यावर जास्त होतात. शहराच्या मधोमध, इमारतींना खेटून असलेल्या आपल्या उपकेंद्रांना यातले शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे.

बुशिंगची चाचणी स्वस्त आहे. धारिता आणि टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधला वीजतोटा दाखवणारा आकडा) मोजायचा. आत फॉइलचे समजा ४० थर असतील, तर एक थर निकामी झाला की धारिता सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. हे कळण्यासाठी बुशिंग बसवल्या दिवशीचा आकडा हवा. तो नसेल तर आजच्या आकड्याला अर्थ उरत नाही. आणि चाचणी झाल्यावर टेस्ट टॅपची (मोजणीसाठी ठेवलेल्या टोकाची) टोपी परत नीट बसवून, टॅप जमिनीला जोडला गेल्याची खात्री मीटरने करायची. टोपी सैल राहिली तर टॅपवर दाब चढतो, ठिणग्या पडतात आणि तपासणीच बुशिंगच्या नाशाला कारण होते. हा दोषही जगभर वारंवार नोंदला गेला आहे. दोन मिनिटांचे काम आहे, म्हणूनच राहून जाते.

माहिती द्यायला आपल्याकडे माणसे कचरतात ती दोषारोपाच्या भीतीने. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे की अशा सर्वेक्षणांत कोणत्या कंपनीचे कोणत्या उत्पादकाचे रोहित्र जळले हे छापले जात नाही. वय, दाब, भाग, कारण, परिणाम एवढेच जाते. माहिती देणारा वाचतो आणि शिकणारा शिकतो.

उघडपणाची चांगली उदाहरणे आपल्या देशातही आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचे ग्रिड कोसळले, त्याचा चौकशी अहवाल महिन्याच्या आत प्रसिद्ध झाला आणि जगभर अभ्यासला गेला. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संयुक्त तज्ज्ञ गटाने काही महिन्यांत वस्तुस्थितीचा अहवाल सर्वांसाठी खुला केला. दाब वाढत जाऊन साखळीने केंद्रे बाहेर पडल्याचे त्यातून कळले. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई सकाळी दहाच्या सुमारास अंधारात गेली, हे वाचकांना आठवत असेलच. मोठ्या घटनांवर असे अहवाल होतात. आमचे म्हणणे लहान घटनांबद्दल आहे, कारण मोठी घटना सहसा अनेक लहान दुर्लक्षांची बेरीज असते.

पुढचा काळ आणखी निकडीचा आहे. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला चंद्रपूरहून ५०० केव्ही डीसी वाहिनीने १,५०० मेगावॅट आणणारी ७५२ किलोमीटरची यंत्रणा १९९९ पासून आहे. कुडूस ते आरे हा १,००० मेगावॅटचा ३२० केव्हीचा नवा डीसी दुवा ८० किलोमीटरचा, त्यातला मोठा भाग जमिनीखालच्या केबलचा. डीसी एक्सएलपीई केबलची चाचणी कशी करायची हे आधी सिग्रेच्या २०१२ च्या पुस्तिकेत ठरले, २०१७ मध्ये त्यावर आयईसीचे मानक आले. म्हणजे हे ज्ञान अगदी ताजे आहे. दाट वस्ती, चिकट माती आणि चार महिने पाण्याखाली असणारे जोडखड्डे, अशा परिस्थितीतला डीसी केबलचा अनुभव जगात फार थोड्यांकडे आहे. तो आपल्याकडे जमा होणार आहे. तो पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला पाहिजे.

मग करायचे काय? पारेषण आणि वितरण कंपन्यांनी प्रत्येक मंडळ कार्यालयात सिग्रेचे सामूहिक सदस्यत्व घ्यावे आणि पुस्तिका साइटवरच्या अभियंत्याच्या हाती पडतील असे पाहावे. कार्यगटांवर नावे पाठवताना मुख्यालयाबरोबर उपकेंद्र आणि लाइनवरच्या लोकांचाही विचार व्हावा. तरुण अभियंत्यांसाठी सिग्रेची वेगळी फळी आहे, तिचा उपयोग करावा. निविदेत एक ओळ वाढवावी की प्रत्येक जोडाची नोंदवही, आर्द्रता, व्यास आणि फोटोंसह, काम संपताना मालकाच्या ताब्यात येईल, आणि फुटलेला जोड तपासणीशिवाय फेकला जाणार नाही. जॉइंटर आणि लाइनमन यांच्यासाठी वर लिहिलेल्या गोष्टींची चित्रांसह मराठी पत्रके काढावीत. घासपेपरचा आणि पुसण्याच्या दिशेचा नियम इंग्रजी पुस्तिकेत राहून उपयोगाचा नाही, तो खड्ड्यात बसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत कळायला हवा. मुंबई आणि ठाणे परिसरातली अभियांत्रिकी महाविद्यालये फुटलेल्या भागांची चिरफाड आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आनंदाने करतील, विद्यार्थ्यांना त्याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही.

सुरुवात खाडीपासून करता येईल. येत्या ऑक्टोबरात पाऊस थांबताच कळवा, ऐरोली आणि खारघर या बाजूंच्या उपकेंद्रांच्या आवारात चार-पाच डिस्कच्या चार्ज न केलेल्या स्ट्रिंग टांगाव्यात. आवारात टांगल्या तर शटडाऊनही लागत नाही. दर महिन्याला एक डिस्क उतरवून ठरावीक मापाच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावी, पाण्याची वाहकता आणि तापमान मोजावे, त्यावरून मिठाचे प्रमाण काढून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागावे. उत्तर मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे येते. उरलेला गाळ कागदातून गाळून, वाळवून, वजन करावा. साहित्य एवढेच लागते: डिस्टिल्ड पाणी, कापूस, रबरी हातमोजे, वाहकतेचा मीटर, थर्मामीटर, गाळणकागद आणि बारीक वजनकाटा. मे महिन्यापर्यंत आठ आकडे हाती येतील, आणि त्यांच्या शेजारी त्या आठ महिन्यांतल्या पहाटेच्या ट्रिपची यादी मांडता येईल.

आपले,
अतिउच्चदाब पारेषण व केबल क्षेत्रात काम करणारे काही अभियंते,
ठाणे आणि नवी मुंबई